उणीव आणि औषध : ड जीवनसत्त्व, संप्रेरके आणि श्वसनमार्गाचे विषाणुजन्य आजार

(केदारखेडा, ता. भोकरदन, जि. जालना : स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)

विषयप्रवेश

जीवनसत्त्वांच्या यादीत ज्याला 'ड' हे अक्षर मिळाले, ते द्रव्य काटेकोर अर्थाने जीवनसत्त्व नव्हेच. शरीराला अत्यल्प प्रमाणात लागणारा, परंतु शरीराला स्वतः तयार करता न येणारा आणि म्हणून आहारातूनच मिळवावा लागणारा पदार्थ, अशी जीवनसत्त्वाची व्याख्या केली जाते. 'ड' मात्र माणसाच्या त्वचेतच उन्हाच्या साहाय्याने घडते, रक्तावाटे यकृताकडे आणि तेथून मूत्रपिंडाकडे जाते, वाटेत दोनदा रूप बदलते आणि शेवटी दूरच्या पेशींच्या केंद्रकात शिरून तेथील जनुकांना कामाला लावते. एका अवयवात तयार होऊन रक्तातून दुसऱ्या अवयवाला आज्ञा पोहोचवणाऱ्या अशा रासायनिक दूताला संप्रेरक म्हणतात, ज्याला व्यवहारात हार्मोन हा शब्द रूढ आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ एल्मर मॅकॉलम यांनी १९२२ मध्ये कॉड माशाच्या यकृताच्या तेलातील मुडदूस बरा करणारा घटक वेगळा ओळखला आणि तो अ, ब, क यांच्या ओळीत पुढे बसला, एवढ्याच ऐतिहासिक कारणाने या संप्रेरकाला जीवनसत्त्वाचे नाव चिकटले.

या नावाच्या घोटाळ्याचा परिणाम शंभर वर्षांनंतर दिसला. मार्च २०२० मध्ये पुण्यात महाराष्ट्रातील पहिले कोविडबाधित आढळले आणि पुढच्या काही महिन्यांत क जीवनसत्त्व, झिंक आणि 'ड' यांच्या गोळ्या महानगरांपासून तालुक्याच्या गावातील मेडिकलपर्यंत सर्वत्र मागितल्या जाऊ लागल्या. जीवनसत्त्व म्हणजे निरुपद्रवी आणि जितके अधिक तितके चांगले, या समजुतीपोटी महिन्यातून मोजक्या वेळा घ्यावयाची मात्रा रोज घेणारेही काही निघाले. संप्रेरक या नावाने हेच द्रव्य ओळखले गेले असते, तर त्याच्याविषयी अधिक सावधपणा बाळगला गेला असता, असे म्हणण्यास जागा आहे.

प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन थोडक्यात असे, की ड जीवनसत्त्वाची उणीव ही महाराष्ट्रातील खरी आणि व्यापक गोष्ट असून ती तिच्या स्वतःच्या कारणांसाठी भरून काढली पाहिजे. परंतु उणीव भरणे आणि औषध देणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, आणि श्वसनमार्गाच्या विषाणुजन्य आजारात संप्रेरकांचा जो भाग रुग्णाच्या जीविताशी अधिक थेट निगडित आहे, तो 'ड'पेक्षा इन्सुलिन आणि कॉर्टिसॉल यांचा आहे.

वीस अंशांवरचे ऊन

केदारखेडा हे पूर्णेच्या खोऱ्यातील गाव विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे २० अंशांवर वसलेले आहे आणि या एका भौगोलिक तथ्यातून बरेच काही निष्पन्न होते. त्वचेत 'ड' तयार होण्यासाठी सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांपैकी २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण लागतात, ज्यांना अतिनील-ब किरण म्हटले जाते. सूर्य क्षितिजाजवळ असताना या किरणांना वातावरणाच्या जाड थरातून तिरपे यावे लागते आणि वाटेतील ओझोन वायू त्यांना जवळजवळ पूर्णपणे शोषून घेतो. म्हणून बाळाला कोवळ्या उन्हात न्यावे म्हणजे त्याची हाडे बळकट होतात, हा घरोघरी सांगितला जाणारा सल्ला मायेचा असला तरी शास्त्रदृष्ट्या अपुरा आहे. सकाळी सातच्या उन्हात ऊब असते, प्रकाश असतो, पण 'ड' घडवणारे किरण नावापुरतेच असतात. काचेच्या बंद खिडकीतून येणाऱ्या उन्हाचेही तसेच आहे, कारण साधी काच हे किरण अडवते.

त्यासाठी एक सोपा निकष सांगता येतो, तो सावलीचा. उभ्या माणसाची सावली त्याच्या उंचीपेक्षा आखूड असेल, तेव्हा सूर्य पुरेसा वर आलेला असतो आणि त्वचेचे काम सुरू होते. केदारखेड्याच्या अक्षांशावर बावीस डिसेंबरच्या सुमारास, म्हणजे वर्षातील सर्वांत लहान दिवशीही, माध्यान्हीची सावली उंचीहून किंचित आखूडच पडते, आणि येथील माध्यान्ह घड्याळात साडेबाराच्या आसपास येते. मे महिन्यात मात्र सकाळी साडेनवालाच सावली उंचीपेक्षा लहान झालेली असते. स्कॉटलंड किंवा स्वीडनसारख्या देशांत हिवाळ्याचे कित्येक महिने असा क्षण येतच नाही. या गावात तो वर्षातील प्रत्येक निरभ्र दिवशी येतो, आणि तरीही या प्रदेशात उणीव आढळते, हे कोडे आहे.

ते कोडे काल्पनिक नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या अंतःस्रावी ग्रंथीविज्ञान विभागाने डॉ. नलिनी शहा यांच्या नेतृत्वाखाली केलेला आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या संदर्भात पायाभूत मानता येतो. त्यात वरकरणी निरोगी अशा १,१३७ तरुण प्रौढांचे रक्त तपासले असता सुमारे ७० टक्के व्यक्तींमध्ये 'ड'ची पातळी मिलिलिटरला २० नॅनोग्रॅमच्या खाली आढळली. पुण्यात जहांगीर रुग्णालयाशी संलग्न असलेल्या हिराबाई कावसजी जहांगीर वैद्यकीय संशोधन संस्थेत डॉ. अनुराधा खाडिलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालकांवर व ग्रामीण प्रौढांवर दीर्घकाळ काम केले आहे. पुण्याजवळच्या ग्रामीण पुरुषांचा त्यांचा २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास असे दाखवतो, की नेहमीच्या कपड्यांत वावरणाऱ्या माणसाला पातळी २० नॅनोग्रॅमच्या वर राखण्यासाठी दुपारच्या वेळेचे ऊन दररोज एका तासाहून अधिक लागते. युरोपीय पुस्तकांतून उचललेला 'दहा-पंधरा मिनिटे पुरेत' हा सल्ला येथे लागू पडत नाही, कारण सावळ्या त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य त्याच किरणांना आधीच टिपून घेते. ते त्वचेचे कर्करोगापासून रक्षण करते आणि त्याच्या बदल्यात 'ड'साठी अधिक वेळ मागते.

नाशिकचा धडा

ऊन असूनही उणीव कशी होते, या प्रश्नाचे सर्वांत जुने आणि सर्वांत बोलके उत्तर महाराष्ट्रातूनच मिळालेले आहे, ही गोष्ट वैद्यकाच्या इतिहासाबाहेर फारशी कुणाला ठाऊक नाही. मुडदूस म्हणजे वाढत्या वयातील हाडे मऊ राहून पाय वाकणे, बरगड्यांवर गाठी दिसणे, कवटीची हाडे भरून न येणे असा बालकांचा विकार. तो आहाराच्या दोषामुळे होतो की अंधाऱ्या घरांमुळे, यावर विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत युरोपात तीव्र वाद चालू होता. त्या काळात हचिसन आणि शहा या दोन वैद्यकांनी तत्कालीन मुंबई इलाख्यातील नाशिक भागात पाहणी केली आणि १९२२ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. निकृष्ट अन्नावर जगणाऱ्या, पण दिवसभर उघड्यावर राबणाऱ्या गरीब कुटुंबांत मुडदूस जवळजवळ आढळला नाही. उलट चांगले अन्न परवडणाऱ्या, परंतु पडदा पाळणाऱ्या हिंदू आणि मुसलमान घरांत, जेथे बाळंतीण आणि मूल महिनोन्महिने अंधाऱ्या खोलीत राहत, तेथे तो मोठ्या प्रमाणावर आढळला. श्रीमंत घरातली मुले आजारी आणि गरिबाघरची सुदृढ, असा हा उलटा हिशेब आहाराने समजावता येत नव्हता. तो उन्हानेच उलगडला. ॲडॉल्फ विंडाउस यांना स्टेरॉल या गटातील रेणू आणि त्यांचे जीवनसत्त्वांशी असलेले नाते यांवरील संशोधनासाठी १९२८ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा त्या नात्याचे रासायनिक रूपही स्पष्ट झाले.

नाशिकचा तो धडा आजच्या मराठवाड्यात नव्या रूपाने वाचावा लागतो. पडदा बहुतांशी गेला, पण त्याच्या जागी इतर आवरणे आली. कापूस वेचणारी स्त्री दिवसभर शेतात असली तरी साडीवर पूर्ण बाह्यांचा सदरा चढवते आणि डोक्यावरून, तोंडावरून रुमाल किंवा पदर घट्ट बांधते, कारण बोंडांची टोके हात ओरबाडतात आणि ऊन चेहरा काळवंडून टाकते. त्यामुळे उन्हात असूनही तिची त्वचा सावलीतच राहते. शिकणाऱ्या मुली स्कार्फ आणि हातमोजे घालून दुचाकीवर जातात, शाळकरी मुले नेमक्या साडेदहा ते साडेचारच्या वेळेत वर्गात असतात, आणि घरी आजारी वृद्ध आतल्या खोलीत खाटेवर असतात. पुण्यातील वस्तीतील लहान मुलांच्या अभ्यासातही हेच दिसले होते, की ज्यांना रोज उन्हात खेळायला मिळे त्यांच्या तुलनेत ज्यांचा दिवस घरात कोंडून जाई त्यांच्यात उणीव आणि मुडदुसाची चिन्हे अधिक होती.

याला आहाराची जोड मिळते. ज्वारी, बाजरी आणि गहू यांत फायटेट नावाचे द्रव्य असते, जे अन्नातील कॅल्शियमला बांधून ठेवते आणि आतड्यातून शोषले जाऊ देत नाही. भाकरी भरपूर आणि दूध नावापुरते, अशा ताटात कॅल्शियम कमी पडले की मानेतील परावटु ग्रंथींचे संप्रेरक वाढते, मूत्रपिंड साठ्यातील 'ड' अधिक वेगाने कार्यक्षम रूपात बदलू लागते आणि साठा झपाट्याने खर्च होतो. म्हणजे कॅल्शियमची टंचाई 'ड'लाही ओढून नेते. तिरुपती परिसरात डॉ. सी. व्ही. हरिनारायण यांनी केलेल्या अभ्यासांतून कमी कॅल्शियम, जास्त फायटेट आणि 'ड'ची उणीव ही त्रयी स्पष्टपणे मांडली गेली आहे. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तीळही त्यात समृद्ध आहेत; परंतु मराठवाड्याच्या रोजच्या ताटात नाचणी क्वचित दिसते आणि तीळ संक्रांतीपुरते येतात.

त्वचेपासून फुफ्फुसापर्यंत

त्वचेत घडलेले 'ड' यकृतात जाऊन २५-हायड्रॉक्सी-ड या साठवणीच्या रूपात बदलते, आणि रक्ततपासणीत मोजली जाते ती याच रूपाची पातळी. पुढे मूत्रपिंडात त्याचे कॅल्सिट्रायॉल होते, जे कार्यक्षम संप्रेरक होय. कॅल्सिट्रायॉल पेशीतील विशिष्ट ग्राहीला, म्हणजे त्याच्यासाठीच घडवलेल्या प्रथिनाला, जाऊन बिलगते आणि ही जोडी जनुकांवर काम करते. अवटु (थायरॉइड) ग्रंथीचे आणि मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींचे संप्रेरकही याच पद्धतीने काम करतात, त्यामुळे 'ड'ची खरी भावंडे जीवनसत्त्वांत नसून या संप्रेरकांत आहेत.

श्वसनमार्गाशी त्याचा संबंध कळला तो याहून पुढच्या शोधामुळे. मूत्रपिंडाबाहेरही, विशेषतः जंतूंना गिळणाऱ्या महाभक्षी पेशींमध्ये आणि श्वासनलिकेच्या अस्तरातील पेशींमध्ये, 'ड'ला कार्यक्षम करणारे विकर (एन्झाइम) असते. 'सायन्स' या नियतकालिकात २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले, की जंतूची चाहूल लागताच महाभक्षी पेशी स्वतःच कॅल्सिट्रायॉल तयार करतात आणि त्याच्या आज्ञेने कॅथेलिसिडिन नावाचे जंतुनाशक प्रथिन बनवतात. रक्तात साठा कमी असेल तर ही प्रतिक्रिया दुबळी पडते. ते संशोधन क्षयाच्या जंतूवर होते, पण कॅथेलिसिडिन काही विषाणूंच्या आवरणावरही परिणाम करते आणि कॅल्सिट्रायॉल प्रतिकारशक्तीच्या अतिरेकी दाहाला काहीसा आवर घालते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. एवढ्या भक्कम जैविक आधारानंतर 'ड' देऊन सर्दी, फ्लू आणि न्यूमोनिया टाळता येतील ही आशा निर्माण होणे साहजिक होते. परंतु प्रयोगशाळेतील बशीतली पेशी आणि भोकरदनच्या ग्रामीण रुग्णालयात दाखल झालेला माणूस यांत अंतर असते, आणि ते चाचण्यांनीच मोजावे लागते.

खूण की कारण

कोविडच्या पहिल्या वर्षात जगभरातून एकामागून एक अहवाल आले, की गंभीर आजारी पडलेल्यांमध्ये 'ड'ची पातळी कमी होती. या निरीक्षणातून दोन अगदी वेगळे निष्कर्ष काढता येतात. एक असा, की पातळी कमी असल्यामुळे आजार गंभीर झाला. दुसरा असा, की आजार गंभीर झाल्यामुळे किंवा माणूस आधीपासूनच दुर्बल असल्यामुळे पातळी कमी दिसली. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसारख्या नियोजित इजेनंतरही रक्तातील 'ड' दोन-तीन दिवसांतच घसरते, हे आधीच ज्ञात होते. म्हणजे शरीरात दाह उसळला की ही पातळी आपोआप खाली जाते. शिवाय जे वृद्ध आहेत, स्थूल आहेत, मधुमेही आहेत किंवा घराबाहेर पडू शकत नाहीत, त्यांच्यात 'ड'ही कमी असते आणि विषाणूचा धोकाही जास्त असतो. अशा वेळी पातळी ही आजाराचे कारण नसून प्रकृतीची खूण असू शकते.

खूण आणि कारण वेगळे करण्याचा मार्ग म्हणजे यादृच्छिक चाचणी, ज्यात लोकांचे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे दोन गट पाडून एकाला औषध आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी दिली जाते. अशा चाचण्यांची साक्ष क्रमाने पाहिली तर उत्साह हळूहळू निवळताना दिसतो. लंडनच्या एड्रियन मार्टिनो यांनी २०१७ मध्ये २५ चाचण्यांतील सुमारे ११ हजार व्यक्तींची माहिती एकत्र तपासली, तेव्हा 'ड' घेणाऱ्यांत श्वसनमार्गाचे संसर्ग थोडे कमी आढळले. हा लाभ ज्यांची पातळी १० नॅनोग्रॅमच्याही खाली होती आणि ज्यांनी रोज किंवा आठवड्याला लहान मात्रा घेतली होती त्यांच्यात अधिक होता, तर महिन्या-महिन्यांनी एकदम मोठी मात्रा घेणाऱ्यांत दिसला नाही. याच गटाने २०२५ मध्ये सुमारे ६१ हजार व्यक्तींपर्यंत हिशेब वाढवला, तेव्हा सरासरी लाभ इतका आक्रसला की तो योगायोगापासून निश्चितपणे वेगळा काढता येईना. काबूलमध्ये तीन हजारांहून अधिक तान्ह्या मुलांना दर तीन महिन्यांनी एक लाख आंतरराष्ट्रीय एककांची मात्रा देण्याच्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले, न्यूमोनिया कमी झाला नाही.

कोविडच्या बाबतीतही आरंभीच्या छोट्या चाचण्यांनी आशा दाखवली. चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेत ४० रुग्णांवर झालेल्या चाचणीत सात दिवस रोज ६० हजार एकके घेणाऱ्यांत विषाणू लवकर नाहीसा झाल्याचे दिसले. मात्र विषाणू लवकर जाणे आणि रुग्ण वाचणे या एकच गोष्टी नव्हेत, आणि ४० ही संख्या निर्णय देण्यास लहान होती. त्यानंतर ब्राझीलमध्ये २४० रुग्णांना एकाच वेळी दोन लाख एकके दिल्यावर रुग्णालयातील मुक्काम कमी झाला नाही. ब्रिटनमधील सहा हजारांहून अधिक प्रौढांच्या आणि नॉर्वेतील कॉडलिव्हर तेल घेणाऱ्या सुमारे ३४ हजार लोकांच्या चाचण्यांत, ज्यांचे निकाल २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले, कोविडपासून संरक्षण आढळले नाही. यांपैकी नॉर्वेच्या चाचणीत बहुतेक लोकांची पातळी मुळात बरी होती, हा आक्षेप रास्त आहे, आणि तोच या संपूर्ण वादाची किल्ली आहे : जेथे खड्डा खोल आहे तेथे भर टाकण्याचा काही उपयोग संभवतो, जेथे जमीन सपाट आहे तेथे आणखी माती ओतून ती उंच होते, पण पीक वाढत नाही.

ऊन मुबलक असले म्हणजे साथ अडते, हा समजही इतिहासाला मान्य नाही. १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ, जिला महाराष्ट्रात मानमोडी म्हणून ओळखले गेले, ती पश्चिम भारतात पावसाने दगा दिलेल्या, म्हणजे आभाळ नेहमीपेक्षा मोकळे असलेल्या वर्षाच्या शरदात शिगेला पोहोचली आणि देशभरात एक कोटीहून अधिक माणसे घेऊन गेली. उपासमार, गर्दी आणि उपचारांचा अभाव यांच्यापुढे उन्हाचा उपयोग झाला नाही.

संप्रेरकांचे दुसरे घर : इन्सुलिन आणि कॉर्टिसॉल

विषाणू श्वसनमार्गात शिरला की शरीराची संप्रेरक व्यवस्था तत्काळ जागी होते. मेंदूच्या तळाशी असलेले अधश्चेतक (हायपोथॅलॅमस) पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथीला आणि ती मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथींना इशारा देते, आणि त्या कॉर्टिसॉल सोडतात. कॉर्टिसॉल रक्तदाब टिकवते, रक्तातील साखर वाढवते आणि दाहाला लगाम घालते. वैद्यकात 'स्टिरॉइड' म्हणून वापरली जाणारी डेक्सामेथासोनसारखी औषधे म्हणजे याच कॉर्टिसॉलच्या कृत्रिम आणि अधिक तीव्र आवृत्त्या होत.

ब्रिटनमधील 'रिकव्हरी' चाचणीने जून २०२० मध्ये दाखवून दिले, की रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन जास्तीत जास्त दहा दिवस दिल्यास कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णांतील मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि प्राणवायू लागणाऱ्यांतील सुमारे एक पंचमांशाने कमी होतात. परंतु त्याच चाचणीत ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती त्यांना लाभ झाला नाही, उलट अपायाकडे कल दिसला. कारण सरळ आहे : पहिल्या आठवड्यात शरीर विषाणूशी झुंजत असते आणि तेव्हाच प्रतिकारशक्तीचे हात बांधले तर विषाणूचे फावते, दुसऱ्या आठवड्यात काहींच्या बाबतीत विषाणूपेक्षा शरीराचा स्वतःचा दाहच फुफ्फुसाला जाळू लागतो, आणि लगाम हवा असतो तो तेव्हा. एकच संप्रेरक आठवडा बदलताच तारक किंवा मारक ठरते.

ही वेळ चुकल्याचे मोल भारताने, आणि त्यात महाराष्ट्राने मोठ्या प्रमाणावर, २०२१ च्या उन्हाळ्यात मोजले. म्युकरमायकोसिस, ज्याला वृत्तपत्रांनी काळी बुरशी म्हटले, ही नाक, डोळे आणि मेंदूपर्यंत पसरणारी बुरशी एरवी दुर्मीळ असते; तिला वाढायला लागते रक्तातील चढलेली साखर आणि दडपलेली प्रतिकारशक्ती, आणि या दोन्ही गोष्टी अनियंत्रित मधुमेह व अवेळी किंवा अवाजवी दिलेली स्टिरॉइड यांनी एकत्र आणल्या. भारतातील १६ रुग्णालयांनी सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळातील २८७ म्युकर रुग्णांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांतील १८७ कोविडशी निगडित निघाले, आणि स्टिरॉइडचा अयोग्य वापर हा त्यामागील स्वतंत्र धोका म्हणून पुढे आला. केंद्र सरकारने मे २०२१ मध्ये या आजाराची नोंद बंधनकारक करण्याची सूचना राज्यांना केली.

या संकटाची जमीन आधीच तयार होती. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या 'इंडियाब' पाहणीच्या पहिल्या टप्प्यात, ज्याचे निष्कर्ष २०११ मध्ये आले, महाराष्ट्रातील प्रौढांत मधुमेहाचे प्रमाण ८.४ टक्के आढळले होते, आणि ग्रामीण भागात कित्येकांचे निदान पहिल्यांदा दवाखान्यात दुसऱ्याच आजारासाठी दाखल झाल्यावर होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांतील माता आणि बालके यांचा जो दीर्घ अभ्यास केला, त्याने या निदानाच्या विलंबाचे एक कारण सांगितले. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो, म्हणजे इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या ३.५ किलोच्या तुलनेत कितीतरी कमी होते. पण त्या किरकोळ शरीरात स्नायू कमी आणि चरबी मात्र तुलनेने राखलेली होती. असे बाळ मोठे होऊन सडपातळ शेतकरी दिसते, त्याला कुणी लठ्ठ म्हणत नाही आणि म्हणून त्याची साखर कुणी तपासत नाही, परंतु त्याच्या पेशी इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत. 'ड' दिल्याने मधुमेह टळतो का, हेही तपासले गेले आहे; अमेरिकेत २,४२३ मधुमेहपूर्व व्यक्तींना रोज ४ हजार एकके देणाऱ्या २०१९ च्या चाचणीत लक्षणीय लाभ सिद्ध झाला नाही. साखरेवर उपाय साखरेचाच करावा लागतो.

अवटु ग्रंथीविषयी दोन गोष्टी पुरेत. गंभीर आजारात तिच्या टी-थ्री या संप्रेरकाची पातळी खाली जाते. ती बहुधा शरीराची काटकसर असते, म्हणून तापात केलेल्या तपासणीवरून नवी गोळी सुरू करणे उचित नसते, मात्र आधीपासून चालू असलेली थायरॉइडची गोळी बंद करू नये. विषाणुजन्य तापानंतर काही आठवड्यांनी गळ्याच्या पुढच्या भागात दुखणे आणि छाती धडधडणे ही लक्षणे दिसली, तर ती या ग्रंथीच्या दाहाची असू शकतात. अधिवृक्क ग्रंथींबाबतही अशीच सावधगिरी हवी : जे रुग्ण दमा किंवा संधिवात यांसाठी दीर्घकाळ स्टिरॉइडच्या गोळ्या घेत आहेत, त्यांच्या अधिवृक्क ग्रंथी सुस्तावलेल्या असतात. त्यांनी तापात गोळी अचानक थांबवली तर रक्तदाब कोसळून प्राणावर बेतू शकते.

व्यवहार

या सर्व विवेचनातून गावाच्या पातळीवर करता येण्याजोग्या गोष्टी मोजक्याच निघतात. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढांसाठी 'ड'ची दैनंदिन गरज ६०० आंतरराष्ट्रीय एकके धरली आहे. बाजारात मिळणारी ६० हजार एककांची गोळी किंवा पुडी म्हणजे शंभर दिवसांची गरज एका घोटात, हे ध्यानात घेतले म्हणजे ती डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय आणि ठरवून दिलेल्या अंतराशिवाय का घेऊ नये, ते समजते. उन्हाने कधी विषबाधा होत नाही, कारण त्वचा जादा कच्चा माल निष्क्रिय रेणूंत वळवते. गोळीला असा बांध नसतो, आणि अतिरेक झाला तर रक्तातील कॅल्शियम चढून उलट्या, तहान आणि मूत्रपिंडाची हानी होते. एंडोक्राइन सोसायटी या जागतिक संघटनेने २०२४ मध्ये निरोगी प्रौढांची सरसकट रक्ततपासणी करू नये असे सांगितले, मात्र १ ते १८ वर्षांच्या मुलांना मुडदूस टाळण्यासाठी आणि कदाचित श्वसनमार्गाचे संसर्ग कमी करण्यासाठीही लहान मात्रा देण्यास अनुकूलता दाखवली.

म्हणून तान्ह्या बाळाला पहिल्या वर्षी रोज ४०० एककांचे थेंब, गरोदर आणि स्तनदा मातेची काळजी, अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांकडे विशेष लक्ष, शाळेत मधल्या सुट्टीत मुलांना मैदानावर मोकळे सोडणे, आणि कामाच्या स्त्रियांना दिवसातून काही वेळ तरी हात-पाय उघडे ठेवून, हिवाळ्यात दुपारी आणि मेमध्ये सकाळी साडेनऊ-दहाला, उन्हात बसता येईल अशी जागा व सवड, हे उपाय 'ड'साठी योग्य ठरतात. त्यांचे फळ हाडांत आणि स्नायूंत खात्रीने दिसेल. श्वसनमार्गात दिसले तर ते अधिकचे मानावे.

श्वासाच्या आजारासाठी मात्र पहिला क्रम वेगळ्याच गोष्टींचा आहे. पऱ्हाट्या आणि तुरकाट्या जाळणाऱ्या चुलीचा धूर फुफ्फुसाचे अस्तर वर्षानुवर्षे खरवडतो, आणि त्या धुरात सर्वाधिक वेळ बसणारी स्त्री व तिच्या कडेवरचे मूल हीच न्यूमोनियाची पहिली शिकार असतात. वृद्ध, मधुमेही आणि गरोदर स्त्रिया यांच्यासाठी इन्फ्लुएन्झाची लस, तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाच्या साखरेची वर्षातून एकदा तपासणी, तापाच्या दिवसांत मधुमेहींनी साखरेवर ठेवलेली नजर, बोटाला लावायच्या यंत्रावर प्राणवायूचे प्रमाण ९४ टक्क्यांखाली जाताच रुग्णालयाची वाट धरणे, आणि सर्दी-तापावर कुणाच्या तरी सांगण्यावरून घेतलेली स्टिरॉइडची गोळी ठामपणे नाकारणे, या पाच गोष्टींचे मोल 'ड'च्या कोणत्याही मात्रेपेक्षा अधिक आहे.

नाशिकच्या पाहणीला शंभर वर्षे उलटून गेली आहेत. तिने दाखवले होते, की माणसाचे आरोग्य त्याच्या घराच्या खिडकीवर, अंगावरच्या कपड्यावर आणि दिवसाच्या वेळापत्रकावर अवलंबून असते; कोविडच्या दोन वर्षांनी त्यात भर घातली, की ते त्याच्या रक्तातील न मोजलेल्या साखरेवरही अवलंबून असते. केदारखेड्यात सूर्य वर्षाचे बाराही महिने पुरेसा वर येतो. बोटातून रक्ताचा एक थेंब घेऊन साखर मोजण्याचे काम मात्र माणसालाच करावे लागते, आणि गावात येत्या साथीच्या तयारीची सुरुवात तेथून व्हावी.